मशीन 'ओके' म्हणतं, म्हणजे नेमकं काय?

मैत्रिणींनो, गेल्या गणपतीच्या आधी आमच्या गटाला घराच्या पाट्यांची ऑर्डर मिळाली. छोटं कोरीव मशीन नवंच होतं. फाइल लोड केली, पडद्यावर 'ओके, ओके' अशी रांग लागली, म्हटलं झालं! पाटी हातात आली तेव्हा 'रत्नागिरी'तला 'त्न' फुटून 'त्' आणि 'न' वेगळे झालेले, आणि 'गि'ची वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला. फणसाची चांगली फळी वाया गेली. मशीनने मात्र एकही चूक दाखवली नव्हती.

तेव्हा कळलं, हे 'ओके' म्हणजे शाबासकी नव्हे. फाइलमध्ये एकाखाली एक हुकूम लिहिलेले असतात: इकडे जा, एवढं खाली उतर, या वेगाने काप. मशीन एकेक ओळ वाचतं आणि समजली की 'ओके' म्हणतं. अक्षर बरोबर की चूक, लाकूड जाड की पातळ, बिट नीट बसवलंय का, हे त्याला काय माहीत?

ओळ समजली नाही तर 'एरर' आणि एक आकडा येतो. आपल्या छोट्या मशीनमध्ये बहुधा जीआरबीएल नावाचा प्रोग्रॅम असतो, त्यातले हे आकडे. 'एरर 20' म्हणजे हा हुकूम मला येत नाही. फाइल दुसऱ्या जातीच्या मशीनसाठी बनवली की हा हमखास येतो. उदाहरणार्थ, बिट बदलण्याचा एम6 हुकूम. फाइल बनवतानाच जीआरबीएल निवडून पुन्हा काढायची. 'एरर 22' म्हणजे कापण्याचा वेग सांगितलेला नाही.

'अलार्म 2' वेगळा. तुम्ही सांगितलेली जागा माझ्या हद्दीबाहेर आहे, असं मशीन म्हणतंय. बऱ्याचदा कारण साधं असतं: फाइल इंचात आणि आपण समजतोय मिलिमीटर. फाइलच्या सुरुवातीला जी21 असेल तर मिलिमीटर, जी20 असेल तर इंच. अलार्म लागल्यावर पुढच्या हुकमांना 'एरर 9' येतो, म्हणजे कुलूप लागलंय. घाईने 'अनलॉक' दाबू नका, आधी कारण शोधा.

पण स्वस्त मशीनला हद्दीचे स्विच नसतात, त्यामुळे बरेचदा अलार्म लागतच नाही. मशीन कडेला धडकतं आणि घर्र घर्र करत राहतं. आपल्या 3018 मशीनचा पाट साधारण 300 बाय 180 मिलिमीटर. पडद्यावर डिझाईनची लांबी-रुंदी दिसते, ती त्याहून कमी आहे ना, हे आपणच पाहायचं.

'चेक' मोड लावला की मशीन हलत नाही, नुसती सगळी फाइल वाचून चुका सांगतं. तो जरूर वापरा. त्यानंतर बिट लाकडाच्या वर ठेवून तिथेच शून्य धरायचं आणि एकदा हवेतच फिरवून बघायचं. खरं कोरण्याआधी शून्य पुन्हा लाकडावर आणायला विसरू नका! यात वेळ जातो खरा, पण फळीपेक्षा वेळ स्वस्त.

मराठी अक्षरांसाठी आणखी एक काम. काही प्रोग्रॅमना जोडाक्षर जमत नाही, तिथेच आमचा घोटाळा झाला. इंकस्केपमध्ये नाव टाइप करा, मोठ्याने वाचा, मग अक्षरांचा 'पाथ' करा आणि 'युनियन' देऊन शिरोरेषेसकट एकजीव करा. नाहीतर अक्षर जिथे शिरोरेषेला चिकटतं तिथे मशीन मधूनच रेघ मारतं. आता आम्ही कागदावर छापून गिऱ्हाइकाची सही घेतो, मगच कोरतो.

मेमरी कार्डाचंही सांगते. फाइल पूर्ण उतरायच्या आत कार्ड ओढलं तर ती अर्धवट राहते. मशीन आहे तेवढं कोरतं आणि मध्येच थांबतं, बिट मात्र फिरतच राहतं. म्हणून फाइलची शेवटची ओळ बघा, तिथे एम2 किंवा एम30 हवं. ते नसेल तर कार्डावर फाइल पुन्हा घ्या.