होडीतील डिझेल इंजिनाचा धूर : कारणे व उपाय

हैदराबादच्या हुसेनसागर तलावातील बुद्धमूर्ती १९९२ साली खडकावर उभी राहिली. ती पाहण्यास लुंबिनी पार्कच्या धक्क्यावरून यांत्रिक होड्या जातात. थंड देशांतील होड्यांत डिझेलवर चालणारी शेगडी असते. हैदराबादच्या हवेत तिची गरज नाही. परंतु धुराचे शास्त्र शेगडीस व इंजिनास एकच आहे : इंधन अधिक किंवा हवा कमी पडली की काजळी धरते. विहिरीवरील पंपाचे इंजिन हाताळणाऱ्यासही हे अनुभवाने ठाऊक असते.

धुराच्या रंगावरून दोषाचा माग लागतो. निळसर धूर म्हणजे वंगणाचे तेल जळत आहे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असण्याचा संभव असतो. पांढरा धूर थंड इंजिन सुरू करताना थोडा वेळ दिसल्यास चिंता नसावी. इंजिन तापल्यावरही तो राहिला व डोळ्यांना झोंबला, तर डिझेल न जळताच बाहेर पडत आहे असे समजावे. पाण्याची टाकी वारंवार भरावी लागत असेल, तर हेड गॅस्केटमधून पाणी शिरत असावे.

काळ्या धुराचा विचार मात्र सविस्तर केला पाहिजे. असा धूर दिसताच पुष्कळ कारागीर इंधनपंपास हात घालतात, हे योग्य नव्हे. होडीच्या बाबतीत पहिला संशय पाण्याखाली घ्यावा. पंख्याभोवती जलपर्णी, दोर वा प्लास्टिक गुंडाळले गेले की इंजिनावर भार वाढतो, गव्हर्नर इंधन वाढवितो आणि ते पुरते जळत नाही. इंजिन बंद करून किल्ली काढून घेतल्याशिवाय पंख्यास हात लावू नये. त्यानंतर एअर क्लीनर तपासावा. इंजिनाची पेटी चहूबाजूंनी बंद केली असल्यास तिची झाकणे उघडून इंजिन चालवून पाहावे. धूर कमी झाला तर दोष इंजिनात नसून पेटीत आहे. एवढे करूनही धूर राहिला तरच नोझल काढून चाचणीयंत्रावर तपासून घ्यावे. डिझेल धुक्यासारखे न उडता थेंब गळत असेल, तर नोझल दुरुस्तीस आले आहे. या चाचणीच्या वेळी फवाऱ्यासमोर बोट धरू नये. तो कातडी भेदून आत जातो. जखम टाचणीएवढी दिसली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे लागते. इंधनपंपाचे सील तज्ज्ञावाचून तोडू नये.

काजळी दिसते, पण तिच्यासोबत येणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही व त्याला वासही नसतो. पावसाळ्यात होडीच्या बाजूंना पडदे सोडले की चालत्या होडीच्या मागील बाजूचा धूर आत ओढला जातो. डोके दुखणे, भोवळ, मळमळ ही त्याची लक्षणे होत, आणि नेमकी तीच ‘होडी लागली’ म्हणून दुर्लक्षिली जातात. एकाच वेळी अनेक प्रवाशांना असा त्रास झाल्यास पडदे उघडावेत, रुग्णास मोकळ्या हवेत आणून डॉक्टरांकडे न्यावे आणि सायलेन्सरचे सांधे तपासल्याखेरीज पुढील फेरी करू नये.

दुरुस्तीनंतरची चाचणी रिकाम्या होडीत घेतल्यास फसगत होते, कारण भाराविना इंजिन स्वच्छ चालल्यासारखे भासते. प्रवाशांच्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवून होडी नेहमीच्या वेगाने चालवावी व एका माणसाने पूर्ण फेरीभर मागील बाजूच्या धुरावर नजर ठेवावी.