वीज गेली तरी न विसरणारी चिप

शहाद्याच्या परिसरात गोमाई नदीकाठच्या शेतांत उसाला पाणी देताना तुम्ही पाहिले असेल. कदाचित फावडे हाती घेऊन स्वतः दिलेही असेल. पाटाने पाणी येते. ज्या सरीत ते न्यायचे तिच्या तोंडावरची माती ओढायची आणि सरी भरली की तोंड पुन्हा मातीने बुजवायचे. मध्येच वीज गेली, पंप थांबला, तरी उघडी तोंडे उघडीच राहतात आणि बुजवलेली बुजलेलीच. वीज आली की पाणी नेमके जायचे तिथेच जाते.

आता अशी कल्पना करा, की प्रत्येक सरीच्या तोंडाशी मातीऐवजी फळी आहे व ती धरायला एकेक मुलगा उभा आहे. वीज जाताच सगळी मुले फळ्या टाकून घरी पळतात! वीज आल्यावर प्रत्येकाला बोलावून, फळी कोणी उचलायची आणि कोणी दाबून धरायची, हे पहिल्यापासून सांगत बसावे लागेल.

हसू नका. एका फार उपयोगी चिपचा कारभार असाच चालतो.

तिचे नाव एफपीजीए. साधी चिप कारखान्यात ज्या कामासाठी घडवली जाते, तेच काम जन्मभर करते. ही मात्र कोरी येते. तिने काय करायचे ते आपण ठरवायचे. झायलिंक्स या अमेरिकन कंपनीने १९८५ साली अशी पहिली चिप बाजारात आणली. तिच्यात ६४ तर्कखाने होते. आजच्या मोठ्या चिपमध्ये ते लाखांनी मोजतात.

तर्कखाना म्हणजे काय? समजा, विहिरीत पाणी असेल आणि टाकी भरलेली नसेल, तरच पंप चालावा असे आपल्याला हवे आहे. प्रश्न दोन, प्रत्येकाचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’. म्हणजे एकंदर चार परिस्थिती. वहीत चार कप्पे आखा. ‘पाणी आहे, टाकी भरलेली नाही’ या कप्प्यात १ लिहा व उरलेल्या तिन्हींत ०. झाला तर्कखाना! चिप विचार करीत नाही, फक्त योग्य कप्पा उघडून पाहते. प्रश्न चार असतील तर २×२×२×२, म्हणजे १६ कप्पे. कप्प्यांतले आकडे बदलले की तीच चिप दुसरे काम करू लागते. शिवाय खान्यांना जोडणारे तारांचे जाळे असते. त्यातली कोणती कळ चालू आणि कोणती बंद, हेही स्मृतीतच लिहून ठेवावे लागते. चिपची बरीचशी जागा खाने नव्हे, तर हे जाळेच खाते.

बहुतेक एफपीजीएंमध्ये हे आकडे ‘एसरॅम’ नावाच्या स्मृतीत असतात. तिच्या एका कप्प्याला सहसा सहा ट्रान्झिस्टर लागतात. म्हणजे १६ कप्प्यांना किती? ९६! त्यात वीज गेली की ही स्मृती सारे विसरते (फळ्या टाकून पळणारी मुले ती हीच). मग दर वेळी दुसऱ्या कायमस्मृतीतून सगळे आकडे पुन्हा भरून घ्यायचे. काम नसतानाही या ट्रान्झिस्टरांतून थोडी थोडी वीज झिरपत असते. ती वाचवण्यासाठी चिप बंद करावी, तर ती विसरते!

यावर एक उपाय म्हणजे रोधस्मृती. धातूच्या दोन थरांमध्ये हॅफ्नियम ऑक्साइडसारख्या पदार्थाचा काही नॅनोमीटर जाडीचा थर ठेवतात. (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) एरवी त्यातून वीज जवळजवळ वाहत नाही. पुरेसे विभवांतर लावले की ऑक्सिजनचे आयन जागा सोडतात, त्या रिकाम्या जागांची रांग लागते आणि वीज वाहून नेणारा बारीक धागा तयार होतो. रोध कमी होतो. विभवांतर उलट दिशेने लावले की धागा तुटतो व रोध वाढतो. जुळलेला धागा म्हणजे १, तुटलेला म्हणजे ०. वीज गेली म्हणून अणू काही जागा सोडत नाहीत. सरीचे तोंड फोडले ते फोडलेलेच राहते. हा कप्पा ट्रान्झिस्टरांच्या वर, तारांच्या थरांत बसवता येतो. त्यामुळे चिप लहान होते, तारा आखूड होतात आणि त्यांतून संदेश धाडायला ऊर्जाही कमी लागते.

रोधाला स्मृती असू शकेल, हे लिऑन चुआ यांनी १९७१ मध्ये गणिताने मांडले होते आणि अशा घटकाला ‘मेमरिस्टर’ हे नाव दिले होते. २००८ मध्ये एचपी कंपनीच्या शास्त्रज्ञांनी टायटॅनियम डायऑक्साइडचा तसा घटक बनवल्याचे जाहीर केले. तो चुआंच्या कल्पनेतलाच घटक आहे का, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. आपल्याकडे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात मेमरिस्टरवर संशोधन झाले आहे.

अडचणी आहेतच. पुष्कळ वेळा लिहून-पुसून कप्पा झिजतो. पण एफपीजीएमधले आकडे रोज थोडेच बदलायचे असतात? मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्या दोषाची. धागा दर वेळी अगदी सारखा जुळत नाही, त्यामुळे रोध कमीजास्त होतो. लाखो कप्प्यांपैकी एकाने ० च्या जागी १ दाखवला, की कोरड्या विहिरीवर पंप चालू!

अवकाशात तर हा धोका एसरॅमलाही असतो. वेगवान कण आदळला की तिच्या कप्प्यातला आकडा उलटू शकतो, आणि तिथे दुरुस्तीला जाणार कोण? जपानच्या एनईसी कंपनीने ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांऐवजी तांब्याच्या अणूंचा पूल वापरून एफपीजीए तयार केली. तांब्याचा पूल अशा कणाने सहसा तुटत नाही. १८ जानेवारी २०१९ रोजी सोडलेल्या ‘रॅपिस-१’ या जपानी उपग्रहावर बसवून ती चिप प्रत्यक्ष अवकाशात तपासण्यात आली.