तगर ते अलेक्झांड्रिया : तेर येथील एक दिवसाची शैक्षणिक सहल

(इयत्ता ५ वी ते ७ वी. विषय : इतिहास, भूगोल व गणित)

प्राथमिक शाळेच्या सहली पुष्कळदा केवळ करमणुकीच्या ठरतात. मुले गाडीत बसतात, गाणी म्हणतात, देवदर्शन घेतात, डबा खातात आणि दिवेलागणीस घरी परततात. त्यांत आनंद असतो, आणि आनंद गौण मानण्याचे कारण नाही. परंतु परतल्यावर "काय पाहिले?" या प्रश्नास "पुष्कळ पाहिले" एवढेच उत्तर मिळत असेल, तर शिक्षणाच्या दृष्टीने तो दिवस वाया गेला असे समजावयास हवे. टेंभुर्णी व आसपासच्या शाळांना एका दिवसात जाऊन येता येईल, आणि जेथून मुलांची दृष्टी थेट आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील एका थोर बंदरापर्यंत पोहोचेल, असे एक स्थळ आहे. ते म्हणजे धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेर हे गाव.

स्थळाचे महत्त्व

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ईजिप्तमधील एका व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत समुद्रप्रवासाची एक माहितीपुस्तिका लिहिली. 'पेरिप्लस' या नावाने ती प्रसिद्ध आहे. लेखकाचे नाव उपलब्ध नाही. कोणत्या बंदरात काय विकते, काय मिळते, कोणत्या महिन्यात निघावे, हे त्याने व्यापाऱ्याच्या दृष्टीने नोंदले आहे. बारिगाझा, म्हणजे आजचे भडोच, या बंदराचे वर्णन करताना तो सांगतो की, त्याच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणच्या पूर्वेस सुमारे दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे नगर आहे. तगराहून साधे कापड, तलम कापड व इतर माल गाड्यांत भरून अवघड वाटांनी भडोचला नेला जात असे.

हे तगर कोणते, याविषयी विद्वानांत दीर्घकाळ मतभेद होते. जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये तगर म्हणजेच तेर असे प्रतिपादन केले व ते पुढे मान्य झाले. १९५८ मध्ये बा. ना. चापेकर यांनी येथे उत्खनन केले. त्यातून व पुढील उत्खननांतून सातवाहनकालीन समृद्ध वस्तीचा पुरावा मिळाला.

पूर्वतयारी : दिवसाचा हिशेब

सहलीपूर्वी निदान दोन तास वर्गात तयारी करावी. त्यांतील एक तास गणिताचा असावा. फळ्यावर भडोच, पैठण व तेर ही तीन ठिकाणे नकाशावरून काढावीत. दोरा व मोजपट्टी घेऊन नकाशाच्या प्रमाणावरून मुलांनीच अंतरे मोजावीत. सरळ रेषेत भडोच ते पैठण सुमारे ३५० किलोमीटर आणि पैठण ते तेर सुमारे १५० किलोमीटर भरते. पहिल्या टप्प्यास वीस दिवस व दुसऱ्यास दहा दिवस धरले, तर रोजची चाल अनुक्रमे साडेसतरा व पंधरा किलोमीटर येते. वाटेची वळणे धरली तर प्रत्यक्ष चाल यापेक्षा काहीशी अधिक असली पाहिजे.

येथे शिक्षकांनी थांबावे व विचारावे : भरलेली बैलगाडी दिवसाला इतकी चालू शकते काय? या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात शोधू नये. ऊसतोडीच्या हंगामात या भागातील शाळांत बाहेरगावाहून आलेल्या तोडणी कामगारांची मुले काही महिने बसतात. ती मागच्या बाकावर असतात, हजेरीत त्यांची नावे शेवटी असतात आणि पुष्कळदा त्यांना प्रश्न विचारला जात नाही. परंतु उसाने भरलेली गाडी तळापासून कारखान्यापर्यंत जाण्यास किती वेळ लागतो, बैलांस कोठे विसावा द्यावा लागतो, चढावर काय होते, हे वर्गात सर्वांत चांगले त्यांनाच ठाऊक असते. त्या दिवशी शिक्षकाचा जाणकार तोच मुलगा ठरतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथातील आकडा त्याच्या अनुभवाशी जुळला, तर सगळ्या वर्गाला दोन गोष्टी कळतात : तो ग्रंथ कपोलकल्पित नाही, आणि आपल्या शेजारी बसणारा मुलगा अडाणी नाही.

म्हणूनच सहलीतून कोणासही वगळू नये. वर्गणी देणे शक्य नसलेल्या मुलांची नावे वर्गात वाचून दाखवू नयेत. खर्चाचा आराखडा आधी शाळा व्यवस्थापन समितीपुढे मांडावा, ज्यांना शक्य आहे त्यांचा वाटा खाजगीत स्वीकारावा व उरलेल्यांचा खर्च गावातील साहाय्यातून भागवावा. तेवढे साहाय्य न मिळाल्यास सहल पुढे ढकलावी; मोजक्या मुलांना घेऊन जाऊ नये.

मार्ग

पहाटे निघावे. टेंभुर्णी, कुर्डुवाडी, बार्शी, येडशी असा मार्ग आहे. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडे अधिक असल्याने सकाळी नऊ-दहाच्या सुमारास तेरला पोहोचता येते. मार्गातच भूगोलाचे पाठ आहेत. कुर्डुवाडीपुढे सीना नदी ओलांडावी लागते. ती भीमेस व भीमा कृष्णेस मिळते. येडशीजवळ बालाघाटाचे डोंगर लागतात. तेरजवळून वाहणारी तेरणा मात्र मांजरेस मिळते व तिचे पाणी गोदावरीत जाते. अर्थात एका सकाळच्या प्रवासात मुले कृष्णेचे खोरे सोडून गोदावरीच्या खोऱ्यात शिरतात. कुर्डुवाडी व बार्शी यांच्यामधील अरुंदमापी रेल्वे १८९७ साली सुरू झाली व पुढे लातूरपर्यंत गेली. आता तो मार्ग रुंदमापी झाला आहे. गाडीवाट, रेल्वे व डांबरी सडक यांची तुलना येथे करून घ्यावी.

तेर येथे काय पाहावे

प्रथम रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय पाहावे. सुटीचा वार आधी पत्राने विचारून घ्यावा. गावचे लामतुरे यांनी आस्थेने जमविलेल्या वस्तूंतून हे संग्रहालय उभे राहिले. मणी, शंखाच्या वस्तू, मातीच्या मूर्ती, नाण्यांसारखे ठसे असलेली पदके अशा वस्तू येथे आहेत. सर्व पाहण्याचा हव्यास धरू नये. प्रत्येक मुलाने एकच वस्तू निवडावी, तिच्यासमोर दहा मिनिटे बसावे व तिचे चित्र काढावे.

हस्तिदंती स्त्रीमूर्तीपुढे मात्र सर्वांनी एकत्र यावे. अशाच घडणीची एक भारतीय मूर्ती इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडली. ते नगर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले होते. त्यावरून एवढे निश्चित ठरते की, त्या वर्षापूर्वी भारतीय कारागिराच्या हातची वस्तू तेथे पोहोचली होती. ती तेरलाच घडली, असे मात्र यावरून ठरत नाही. साम्य आणि पुरावा यांतील हा फरक मुलांस समजावून सांगणे, हेच या भेटीतील मुख्य काम होय. अभिमानाच्या भरात शिक्षकांनी तो ओलांडू नये.

त्यानंतर त्रिविक्रमाचे देऊळ पाहावे. विटांच्या या वास्तूची मागील बाजू अर्धवर्तुळाकार असून छप्पर गाडीच्या टपासारखे गोल आहे. मूळची ही बौद्ध चैत्यवास्तू असावी, असे अभ्यासक मानतात. शेवटी संत गोरोबाकाकांच्या समाधीचे दर्शन घ्यावे. वारीच्या वाटेवर वाढलेल्या मुलांना त्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. माती तुडवणाऱ्या या संताचे गाव मातीच्या कामासाठी त्यांच्याही हजार वर्षे आधी नावाजलेले होते, एवढेच सांगावे.

एक सक्त सूचना

गावाभोवतीच्या पांढरीच्या टेकाडांवर खापरांचे तुकडे पडलेले दिसतात. ते पाहावेत, पण उचलू नयेत. वस्तू कोणत्या थरात, कशाशेजारी पडली होती यावरून तिचा काळ ठरतो. जागेवरून हलविलेले खापर बोलेनासे होते. लामतुरे यांच्या काळी वस्तू नष्ट होऊ नयेत म्हणून जमविणे हेच रक्षण होते. आज जागेवर राहू देणे हे रक्षण आहे. स्वतःच्या गावी नांगरताना काही आढळल्यास तलाठी अथवा तहसीलदार यांस कळवावे, हेही मुलांस सांगावे.

परतल्यावर : नकाशावरील सहल

दुसऱ्या दिवशी वर्गात भिंतीवरच्या नकाशाजवळ उरलेला प्रवास पूर्ण करावा. ईजिप्तची जहाजे जुलैच्या सुमारास, म्हणजे पंढरपुरास आषाढी वारी भरते त्या दिवसांत, तांबड्या समुद्रातून निघत व नैर्ऋत्य वाऱ्यांच्या बळावर भारताच्या किनाऱ्यास लागत. हिवाळ्यात वारा उलट फिरला की परत जात. जो वारा आपल्या शेतात पाऊस आणतो, तोच शीड फुगवीत होता. भडोचचा माल तांबड्या समुद्रावरील बेरेनिके यांसारख्या बंदरात उतरे. तेथून उंटांवरून बारा दिवसांच्या वाळवंटी वाटेने नाईलकाठच्या कोप्टोसला व तेथून होडीने नदीच्या प्रवाहाबरोबर अलेक्झांड्रियास जाई. बेरेनिके येथील उत्खननात एका रांजणात सुमारे साडेसात किलो भारतीय काळी मिरी व अन्यत्र भारतीय सुती कापडाचे तुकडे मिळाले आहेत.

अलेक्झांड्रिया हे शहर अलेक्झांडरने इ. स. पूर्व ३३१ मध्ये वसविले. किनाऱ्यासमोरील फॅरोस बेट बांधाने जमिनीस जोडल्यामुळे बंदराचे दोन भाग झाले. त्या बेटावरील दीपगृह प्राचीन जगातील सात आश्चर्यांपैकी एक होते. भूकंपांनी ते ढासळले. त्याच्या जागी पंधराव्या शतकात किल्ला उभारला गेला व तो आजही उभा आहे. प्राचीन ग्रंथालय नष्ट झाले. त्याच्या स्मरणार्थ २००२ मध्ये नवे ग्रंथालय उघडण्यात आले. अलेक्झांड्रिया आजही मोठे बंदर आहे, आणि तेर एक लहान गाव आहे. "असे का झाले?" हा प्रश्न एखादा विद्यार्थी खचित विचारील. शिक्षकांनी घाईने उत्तर देऊ नये. व्यापाराच्या वाटा बदलतात, राज्ये बदलतात, समुद्र मात्र जागा सोडत नाही, इथवर मुलांनीच चर्चेने यावे.

स्वाध्याय

१. तेरहून निघालेली कापडाची गाडी भडोचला किती दिवसांनी पोहोचेल? ऐन पावसाळ्यात ती का निघणार नाही?

२. तेर ते अलेक्झांड्रिया या प्रवासात मालाची वाहने कोणती व किती वेळा बदलतात? क्रमाने लिहा.

३. सहलीत आढळलेल्या गोष्टींचे दोन रकाने करा : "डोळ्यांनी पाहिले" व "अनुमान केले".

४. आपल्या आजोबांस विचारा : गावचा माल पूर्वी कोणत्या बाजारी, कशाने व किती दिवसांत जात असे? उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरवून आणा.