चहूबाजूंनी दिसणारी टाकी : नळ्या लपवायच्या कोठे?

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. मत्स्यालयांतील टाक्या बहुधा भिंतीत बसवतात. नळ्या मागे लपतात. पण समजा, भाईंदरमधील तुमच्या शाळेच्या दालनात मधोमध टाकी ठेवायची आहे. तिला मागची बाजूच नाही!

अशा वेळी टाकीच्या तळातून मधोमध एक काळे, उभे नळकांडे वर काढतात. त्याच्या काठावरून सांडलेले पाणी खालच्या कपाटातील हौदात उतरते व तेथे गाळले जाते. नळकांड्यातूनच वर आलेली दुसरी नळी काठावरून वळून पाण्यात उतरते. पंप तिच्यातून पाणी परत सोडतो.

खरी परीक्षा वीज गेल्यावर! पंप थांबतो, पण परतीची नळी वक्रनलिका बनून टाकीतील पाणी उलट ओढू लागते. टाकी १०० सेंमी लांब, ५० सेंमी रुंद आणि नळीचे तोंड ३० सेंमी खोल असेल, तर १०० × ५० × ३० = १,५०,००० घन सेंमी, म्हणजे १५० लिटर पाणी खाली येईल. हौद लहान असेल तर दालनात तळे साचेल!

म्हणून टाकीतील नळीला पातळीखाली १ सेंमीवर भोक पाडतात. पाणी तेथवर उतरताच हवा आत शिरते आणि प्रवाह तुटतो. आता उतरते सुमारे ५ लिटरच. मात्र शेवाळाने भोक बुजू शकते. म्हणून ते वरचेवर साफ करावे आणि हौदातही जागा राखावी.

बादली व बारीक रबरी नळी घेऊन हा प्रयोग करून पाहा.