सुरू होण्यास अडणाऱ्या आउटबोर्ड इंजिनाविषयी भाच्यास पत्र



महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, आणि झापांखाली शाकारून ठेवलेल्या होड्या पुन्हा पाण्यात उतरू लागल्या की बंदरावरच्या मेकॅनिकपुढे दरवर्षी एकच तक्रार येते, ती म्हणजे दोरी ओढून ओढून खांदा भरून आला तरी इंजिन उठत नाही. अशा वेळी शिकाऊ माणूस सर्वांत आधी कार्ब्युरेटर खोलून बसतो. हा निव्वळ उतावीळपणा होय, कारण दोष कोठे होता हे सांगणारे पेट्रोल खोलतानाच सांडून जाते आणि मग जोडणी करताना नवे दोष मात्र आत शिरतात. चिरंजीवाने आधी लक्षणे पाहावीत आणि मग पाना उचलावा.

पेट्रोलवरील इंजिनाला योग्य प्रमाणातील इंधन व हवा, वेळेवर पडणारी ठिणगी आणि सिलिंडरमधील पुरेसा दाब एवढेच लागते. पैकी पहिली गोष्ट कार्ब्युरेटरकडे असते. त्यात हवेच्या वाटेला मध्येच एक अरुंद गळा ठेवलेला असतो. तेथे हवेचा वेग वाढून दाब उतरतो आणि फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल जेटमधून, म्हणजे बारीक छिद्राच्या पितळी तुकड्यामधून, वर ओढले जाते. या गळ्याला अठराव्या शतकातील इटालियन पदार्थवैज्ञानिक व्हेंतुरी याचे नाव आहे. एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा, हे पूर्ण ज्वलनाचे प्रमाण; परंतु जळते ती पेट्रोलची वाफ, आणि थंड इंजिनात वाफ थोडीच होते, शिवाय हाताने दोरी ओढल्यावर गळ्यातली ओढही क्षीण असते. म्हणूनच हवा रोखून मिश्रण दाट करणारी चोकची झडप दिलेली असते. चोकची तार गंजून ही झडप अर्धवटच मिटत असेल, तर बाकी सर्व ठाकठीक असूनही थंड इंजिन उठणार नाही.

बाहेरची तपासणी क्षणात उरकते, पण ती वगळल्याने कित्येकांचा दिवस फुकट जातो. इंजिन बंद करणारी लाल दोरीची क्लिप जागेवर आहे ना, गियर न्यूट्रलमध्ये आहे ना, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल केला आहे ना, हे पाहावे. नंतर इंधननळीवरचा रबरी फुगा बाण वर करून दाबावा. तो कडक झाला नाही, तर नळीच्या जोडात हवा शिरत असते किंवा फ्लोटची सुई नीट न बसल्यामुळे वाटी ओसंडत असते. अशा वाहण्याला कारखान्यात ‘ओव्हरफ्लो’ म्हणतात.

यानंतर चोक देऊन पाच-सहा वेळा दोरी ओढावी व प्लग काढून पाहावा, कारण त्याच्याइतका विश्वासू साक्षीदार दुसरा नाही. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही, आणि तेव्हाच कार्ब्युरेटरकडे वळण्यास आधार मिळतो. प्लग ओलाचिंब असेल तर पेट्रोल जास्त झाले आहे किंवा ठिणगी दुबळी आहे, असे समजून चोक काढावा, थ्रॉटल पूर्ण उघडावा आणि दोरी ओढून सिलिंडर मोकळा करावा. ठिणगी पाहताना प्लगचे धातूचे अंग इंजिनाच्या धातूला घट्ट टेकवावे आणि तो प्लगच्या उघड्या भोकापासून दूर धरावा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असून ती होडीच्या तळाशी साचून राहते, याचा विसर जीवघेणा ठरू शकतो. ठिणगी नसेल तर आधी प्लगची टोपी व तारांचे जोड पाहावेत, कारण खाऱ्या हवेमुळे तेथे हिरवट थर धरतो. कॉइल बदलण्याचा खर्च त्यानंतरचा.

प्लग कोरडा निघाल्यास फ्लोटच्या वाटीचा तळाचा स्क्रू सोडून आतले पेट्रोल काचेच्या पेल्यात घ्यावे आणि थोडा वेळ स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसला तर पाणी आले आहे. हल्ली भारतातील पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा शोषते, आणि ओलावा मर्यादेबाहेर गेला की इथेनॉल व पाणी मिळून खाली बसतात. टू-स्ट्रोक इंजिनात इंधनात मिसळलेले वंगण मुख्यतः वरच्या पेट्रोलमध्येच राहते, त्यामुळे तळचा थर ओढला गेल्यास पिस्टन कोरडा घासतो. असे इंधन गाळून वापरण्याची काटकसर कोणी सुचवली तरी ती मानू नये.

पेल्यात काहीच दोष न दिसता जुन्या रंगासारखा वास आला, तर पेट्रोलचा हलका, चटकन पेटणारा अंश उडून गेला आहे आणि मागे राहिलेला डिंकासारखा थर जेटमध्ये चिकटला आहे, असे धरावे. याचा पहिला बळी पायलट जेट, म्हणजे मंद गतीचे इंधन देणारा जेट; त्याचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. थ्रॉटल उघडून धरल्यावर पेटणारे आणि सोडताच बंद पडणारे इंजिन बहुधा याचीच तक्रार करत असते. जेट क्लीनरमध्ये भिजवून हवेच्या झोताने साफ करावा. तार घालू नये, कारण पितळ मऊ असते आणि छिद्र मोठे झाले की प्रमाण कायमचे बिघडते.

दाब कमी असण्याचा प्रकार विरळा. दोन सिलिंडरांच्या गेजवरील आकड्यांत बरीच तफावत दिसली, तरच त्याचा विचार करावा. दुरुस्तीनंतर इंजिन चालवून पाहताना मात्र पाणी ओढणारे छिद्र बुडेल इतके पाणी पिंपात असावे, एरवी पंपाचा रबरी पंखा लगेच जळतो.

पुढल्या मे महिन्याच्या अखेरीस होडी वर ओढली की टाकी रिकामी करावी आणि वाटीचा तो तळाचा स्क्रूही सोडावा, कारण नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवले तरी वाटीत थोडे पेट्रोल राहतेच.