मोठी चाके आणि गाडीची उंची

बैलगाडीचे चाक मोठे का असते, हे खेड्यातील शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. लहान चाक खड्ड्यात रुतते, दगडाशी अडते. मोठे चाक तोच खड्डा आणि तोच दगड सहज ओलांडून जाते. ज्या मोटारगाड्यांना डांबरी सडक सोडून वाळूतून, नदीच्या पात्रातून अथवा डोंगरातील कच्च्या वाटेने जावे लागते, त्यांच्या मालकांना मूळच्याहून मोठे टायर बसविण्याची इच्छा होते, ती याच कारणाने. परंतु बैलगाडीचे चाक मोकळ्या जागेत फिरते, मोटारीचे चाक मडगार्डाखाली फिरते. त्यामुळे टायर मोठा करावयाचा म्हणजे गाडीच्या स्प्रिंगांची रचना बदलून तिला उंच करणे ओघानेच येते. ही उंची किती असावी आणि तिची किंमत काय द्यावी लागते, याचा विचार या पाठात केला आहे.

उदाहरणासाठी जीप ही गाडी सोयीची आहे. अमेरिकेच्या सैन्यासाठी विलीस कंपनीने १९४१ पासून ती मोठ्या संख्येने बनविली. महायुद्धानंतर १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्र कंपनीने तिची जुळणी सुरू केली. या जीपची रचना अतिशय साधी आहे. पुढे एक व मागे एक असे दोन सलग आस, आणि प्रत्येक आस व सांगाडा यांच्यामध्ये दोन बाजूंस पोलादी कमानी पाट्यांच्या जुड्या. पुढील काळातील अनेक गाड्यांत वेटोळ्या स्प्रिंगा आल्या. पण मूळ तत्त्वे तीच राहिली.

मोठ्या टायराने काय साधते?

टायरावरील अंक वाचता आल्यास पुष्कळसा हिशेब घरबसल्या करता येतो. २३५/७५ आर १५ या मापात २३५ ही मिलिमीटरमधील रुंदी होय. टायराच्या बाजूची उंची या रुंदीच्या शेकडा ७५, म्हणजे सुमारे १७६ मिलिमीटर असते. आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास होय. १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. त्यात बाजूची उंची दोनदा मिळविली की टायराचा पूर्ण व्यास ७३३ मिलिमीटरांच्या आसपास येतो. याच्या जागी ३१ इंच व्यासाचा व साडेदहा इंच रुंदीचा टायर बसविला, असे मानू. त्याचा व्यास ७८७ मिलिमीटर भरतो. म्हणजे व्यास ५४ मिलिमीटरांनी वाढला.

परंतु आस चाकाच्या मध्यभागी असल्यामुळे तो या वाढीच्या निम्माच, म्हणजे २७ मिलिमीटर वर उचलला जातो. येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानी धरावी. सलग आसाच्या गाडीत सर्वांत खाली लोंबणारा भाग म्हणजे आसावरील डिफरन्शियलचा गोळा होय. स्प्रिंगा कितीही उंच केल्या, तरी हा गोळा तसूभरही वर जात नाही. कारण तो स्प्रिंगांच्या खाली, चाकांसमवेत राहतो. त्याला उंच करण्याचा उपाय एकच, तो म्हणजे मोठा टायर. स्प्रिंगा उंच केल्याने मुख्यतः त्या टायरास जागा मिळते.

आता दगड ओलांडण्यात किती फरक पडतो तो पाहू. १० सेंटिमीटर उंचीच्या दगडावर चढण्यासाठी आसाला जे आडवे बल लावावे लागते, ते लहान चाकाच्या बाबतीत चाकावरील भाराच्या सुमारे ०.९४ पट, तर मोठ्या चाकाच्या बाबतीत ०.८९ पट येते. म्हणजे लाभ आहे, पण तो शेकडा पाचच्या आसपास. मोठ्या टायराचा दुसरा लाभ असा की, त्यात हवा अधिक मावते. त्यामुळे वाळूत हवेचा दाब कमी करून त्याचा जमिनीशी स्पर्श विस्तीर्ण करता येतो व चाक रुतत नाही. हे लाभ खरे आहेत. ते अमर्याद मात्र नाहीत.

जागा मोजण्याची रीत

गाडी सपाट जमिनीवर उभी असता टायर व मडगार्ड यांमध्ये जागा दिसते, एवढ्यावर विसंबणे धोक्याचे आहे. कसोटीची वेळ येते ती चाक खड्ड्यातून वर उसळून स्प्रिंग पूर्ण दबते तेव्हा, आणि त्याच क्षणी स्टिअरिंग पूर्ण वळविलेले असते तेव्हा. म्हणून एका बाजूचे चाक उंच ठोकळ्यावर चढवून, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून, टायर कोठे घासतो हे पाहावे. वरील उदाहरणात टायराची रुंदीही सुमारे ३२ मिलिमीटरांनी वाढली आहे. त्यामुळे वळताना तो आतील बाजूस पाट्यांना घासण्याचा संभव असतो. तसे झाल्यास वळणाची मर्यादा ठरविणारा स्क्रू पुढे घ्यावा लागतो आणि गाडीला वळण्यास अधिक जागा लागते.

उंची वाढविण्याचे मार्ग

पहिला मार्ग म्हणजे पाट्याचे टोक सांगाड्याशी जोडणारी शॅकल लांब करणे. यात पाट्याचे एकच टोक खाली सरकत असल्याने शॅकल जेवढी लांबवावी, त्याच्या सुमारे निम्मीच उंची मिळते, आणि आस काहीसा तिरका होतो. दुसरा मार्ग आस व पाटा यांमध्ये ठोकळा ठेवण्याचा. तो केवळ मागील आसासाठी वापरतात. पुढील, वळणाऱ्या आसाखाली ठोकळा देणे घातक समजले जाते. तिसरा मार्ग अधिक बाक असलेले नवे पाटे बसविण्याचा. चौथा मार्ग जुन्या जीपमध्ये आसाच्या खाली असलेले पाटे आसाच्या वर नेण्याचा होय. याने एकदम १२-१३ सेंटिमीटर उंची मिळते. पण जोर लावताना वा ब्रेक दाबताना आस पाट्यांना पिळतो, व तो पीळ आवरण्यासाठी निराळी योजना करावी लागते.

केवळ जादा पाने घालून पाटा कडक करण्याचा मोह अनेकांस होतो. त्याचा परिणाम साध्या गणिताने कळतो. गाडीच्या भाराने स्प्रिंग १० सेंटिमीटर दबत असेल, तर गाडी सेकंदास सुमारे १.६ वेळा झुलते. तीच स्प्रिंग दुप्पट कडक केली, तर ती ५ सेंटिमीटरच दबेल व गाडी सेकंदास सुमारे २.२ वेळा झुलू लागेल. हे झुलणे बसणाऱ्यास त्रासदायक होते. शिवाय कडक स्प्रिंगमुळे चाक खळग्यात उतरत नाही, अधांतरी राहते; आणि जे चाक जमिनीला टेकलेले नाही, ते गाडीला ओढूही शकत नाही. उंची हवी ती पाट्याच्या बाकातून, कडकपणातून नव्हे.

एका बदलामागून येणारे दुसरे बदल

गाडी उंच होताच तिच्या इतर भागांची परस्परस्थिती बदलते. शॉक अॅब्सॉर्बर जुन्याच लांबीचा ठेवल्यास स्प्रिंग सैल होताना तोच ताणला जाऊन तुटतो. ब्रेकच्या नळ्या आखूड पडतात. त्या तुटल्यास ब्रेक नाहीसा होतो. म्हणून आस पूर्ण खाली लोंबला असता नळ्या ताणत नाहीत, याची खात्री करणे अत्यावश्यक आहे.

इंजिनाची शक्ती आसाकडे नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा उतारही वाढतो. जीपची लांबी कमी असल्याने तिचा शाफ्ट आखूड असतो व हा उतार अधिकच तीव्र होतो. शाफ्टच्या टोकाचा सांधा कोनात फिरू लागला की बाहेर येणारी गती प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमीजास्त होते. दोन्ही टोकांचे कोन समान असतील तर हा दोष परस्परांत नाहीसा होतो. असमान असतील तर गाडी थरथरते व सांधे झिजतात.

सायकलचा पुढचा चिमटा मागे कललेला असतो, म्हणूनच ती सरळ जाते. मोटारीच्या पुढील चाकांनाही असाच कल दिलेला असतो. त्यास कॅस्टर म्हणतात. आस तिरका झाल्याने हा कल कमी झाला, तर वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही व गाडी भरकटते. हा कल मापून, आस व पाटा यांमध्ये पाचर बसवून तो पूर्ववत करावा लागतो.

टायराचा व्यास शेकडा सातने वाढला, म्हणजे इंजिनाचे व ब्रेकचे परिबल तेवढेच असता जमिनीवरील बल शेकडा सातच्या आसपास घटले. गाडी चढावर मंद होते आणि थांबण्यासही अधिक जोर लागतो. वेगमापक ताशी ६० किलोमीटर दाखवीत असता खरा वेग ६४ च्या पुढे असतो. इंजिनाचा जोर परत मिळविण्यासाठी डिफरन्शियलच्या दातांचे गुणोत्तर त्याच प्रमाणात वाढवावे लागते. ब्रेकची उणीव मात्र ब्रेक सुधारूनच भरून निघते.

उलटण्याचा प्रश्न

सर्वांत गंभीर परिणाम गुरुत्वमध्यावर होतो. जुन्या जीपच्या डाव्या व उजव्या चाकांतील अंतर सुमारे १२२ सेंटिमीटर असते. त्याचे अर्धे ६१. गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सेंटिमीटरांवर आहे असे मानल्यास ६१ भागिले ६५, म्हणजे ०.९४ हे गुणोत्तर मिळते, आणि ४३ अंशांच्या उतारावर गाडी आडवी उलटेल. गुरुत्वमध्य ७ सेंटिमीटरांनी वर गेला तर गुणोत्तर ०.८५ होते व कोन ४० अंशांवर येतो. तो १४ सेंटिमीटरांनी वर गेला तर गुणोत्तर ०.७७ व कोन ३८ अंशांच्या आत येतो.

हे गुणोत्तर सपाट रस्त्यावरही महत्त्वाचे आहे. कोरड्या सडकेवर टायराचा घर्षणांक ०.८ च्या जवळपास असतो. गुणोत्तर त्याहून पुरेसे मोठे असेल, तर वेगाने वळण घेताना गाडी आधी घसरते. ते त्याहून लहान झाले, तर घसरण्यापूर्वीच ती उलटते. प्रत्यक्षात उंच स्प्रिंगांवर गाडीचा देह वळणात बाहेर कलतो, म्हणून हा धोका हिशेबापेक्षा लवकर येतो. डोंगरात उपयोगी पडावी म्हणून उंच केलेली गाडी घरी परतताना सडकेवर उलटू शकते, याचे कारण हेच होय.

कायद्यानेही या गोष्टीची दखल घेतली आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरविलेल्या तपशिलांहून भिन्न होतील, असा बदल मालकास करता येत नाही; आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे बंधन अधिक स्पष्ट केले. म्हणून कामास हात घालण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करणे हे पहिले पाऊल होय.

या साऱ्या विवेचनाचा मथितार्थ असा की, आधी उंची ठरवून मग तीत मावेल तो टायर शोधणे हा उलटा क्रम आहे. वाटेची गरज पाहून टायर ठरवावा; तो पूर्ण दबलेल्या स्प्रिंगवर व पूर्ण वळणावर मोकळा फिरेल एवढीच उंची द्यावी; आणि नंतर शाफ्ट, स्टिअरिंग, ब्रेक व दातांचे गुणोत्तर एकेक करून जुळवून घ्यावे. गरजेहून अधिक दिलेला प्रत्येक सेंटिमीटर दगडावरून जाण्यास फारसा उपयोगी पडत नाही, पण वळणावर मात्र आपले मोल वसूल करतो.