पंपासाठी मल्टिमीटर कोणता घ्यावा?

पंपाच्या थ्री-फेज तारांमध्ये परस्परांत सुमारे ४१५ व्होल्ट दाब असतो. तो मोजण्यासाठी वापरलेला काट्याचा मल्टिमीटर घ्यावा की स्वस्त अंकदर्शक, असा प्रश्न शेतकरी बंधूंपुढे येतो.

काट्यावर दाबाचा चढउतार चटकन ध्यानात येतो. परंतु जुन्या मीटरचा काटा अडकल्यास चालू तारही बंद भासते. अंकदर्शक वाचावयास सोपा. मात्र तुटलेल्या तारेतही शेजारच्या तारेमुळे तो खोटा दाब दाखवू शकतो. तरीही नवशिक्याने अंकदर्शकच घ्यावा. कारण खोटा दाब माणसास सावध करतो, अडकलेला काटा बेसावध ठेवतो. मीटरवर ‘कॅट-३, ६०० व्होल्ट’ ही खूण असावी. मोजणीपूर्वी व नंतर मीटर निश्चित चालू असलेल्या तारेवर पडताळावा. त्याशिवाय तारेस हात लावू नये.